सात नंबरच्या खोलीत मुक्ता

रविवार, संध्याकाळ. लातूर.

क्लासच्या होस्टेलात आडनाव कळलं की कुणीतरी म्हणतंच, "तुला काय टेन्शन? रिझर्वेशन हाय की!" म्हणून आम्ही चार बौद्ध मुली रविवारी सात नंबरच्या खोलीत दार लावून मनमोकळं बोलतो.

आज दारात मुक्ता जोशी. "मला पण बसू द्या ना. माझ्या खोलीत सगळ्या मार्कच विचारून राहिल्यात."

घ्यावं का तिला? मग जागा आमची कशी राहील? अर्धा तास वाद. शेवटी आमच्यातली करुणा म्हणाली, "ये, पण बोलायचं न्हाई. नुसतं ऐकायचं."

मुक्ता भिंतीला टेकली आणि पाच मिनिटांत घोरू लागली. मग तिची झोप मोडू नये म्हणून आम्ही चौघी कुजबुजत बसलो. आमच्याच खोलीत! राग यायला हवा होता का? मला तर हसू आवरेना.