गोजरआत्याची दुरुस्ती

सांगवी, ता. बारामती
६ जानेवारी २०२५

ती. स्व. गोजरआत्यास स्वरालीचा सा. न. वि. वि.

सोबत माझी पहिली चित्रकथा पाठवते आहे. गोष्ट माझी, चित्रं बारामतीच्या शाहिदची. नायिका विद्युल्लता उसाच्या फडात लपलेले चोर पकडते. आपल्या मुलींना आपल्या रानातली शूर बाई दिसायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पण पुण्याचे संपादक म्हणतात, अशा चमकत्या बाया खूप पाहिल्या. महिनाअखेर हिचं वेगळेपण दाखवा, नाहीतर छापत नाही. तुझ्या भावानं, म्हणजे आमच्या दादांनी, तर कारखान्याच्या ऑफिसात माझ्यासाठी खुर्चीही बघून ठेवली आहे! घरातली पहिली पदवीधर मी आणि खुर्ची निवडणार दादा. वाचून खरं सांग. रडू आलं तरी चालेल.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
स्वराली

इंदापूर
१४ जानेवारी २०२५

चि. स्वरालीस अनेक आशीर्वाद.

वाचलं. नाव एवढं लांब, की हाक मारंपतुर चोर पणदऱ्याला पोचंल. आन् बाई उघड्या दंडानं फडात शिरली व्हय गं? उसाची पात लागली की दंडावर रेघोट्या उठत्यात. पाठीवरचं ते झगझगीत फडकं तर दुसऱ्याच सरीत अडकंल, चोरच तिला सोडवाय येत्याल. तू बी.ए. झालीस, पर फडात कदी गेलीस? बांधावर बसून वाचत ऱ्हायलीस. आमी लुगड्यावर मालकाचा, म्हंजी तुझ्या आतोबाचा, जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतो, डोक्याला टॉवेल गच्च. तवा कुटं निभतं. आता डोळं पूस आन् लिही.

माया हाय, कमी हुयाची न्हाय.
तुझी आत्या

सांगवी
३ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

रडले, मग लिहिलं. शाहिदनं शर्ट आधी इस्त्रीचा काढला, मी तीनदा चुरगाळायला लावला. संपादक म्हणाले, ही बाई मी कुठंच पाहिली नाही. पुस्तक छापलं, आणखी चार मागितलीत! दादांनी खुर्चीचा नाद सोडला. पुस्तक घेऊन पारावर गेले आणि पोरगी पुण्याच्या लोकांना ऊस शिकवते, असं सांगून आले. नायिकेचं नाव आता गोजर आहे, सोबतची प्रत बघ. तुला विचारलं नाही. रागवायचं तर पत्रातच रागव.

तुझीच,
स्वराली

इंदापूर
१० मार्च २०२५

चि. स्वरालीस आशीर्वाद.

छापलेलं माझं नाव लग्नपत्रिकेनंतर आत्ताच बघितलं. मालक रुसल्यात. म्हणत्यात, शर्ट माझा, मग माझं नाव कुटं? मी म्हणलं, सातबाऱ्यावर हाय की, तेवढं बास.

लिहीत जा.
गोजर