लांबीचा शेवटचा निरोप

४ फेब्रुवारी

ति. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचा फोन आला तेव्हा मागे मुली ताटकळत उभ्या होत्या, त्यामुळे धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

लांबी गेली. माझ्या खोलीतली लांबी, जिचे पाय पलंगाबाहेर यायचे म्हणून आम्ही पायाशी स्टूल ठेवायचो, ती. डोकं दुखतंय म्हणून वर्गातून उठून गेली आणि त्याच आठवड्यात संपलं. मेंदूज्वर म्हणे. इस्पितळात आमच्या वसतिगृहाच्या वॉर्डन सिस्टर आणि मी आळीपाळीने बसायचो. शेवटी मी एकटीच होते. ती पाणी मागत होती आणि बुधवारचा निबंध फादरांकडे पोचला का, एवढंच विचारत होती. पोचला म्हटलं की पुन्हा तेच.

आमचं विद्यापीठ केवढंसं, तुला ठाऊकच आहे. तिच्यासाठीच्या मिस्सेला, प्रार्थनेला सगळे आले तरी चॅपेलमधले मागचे बाक रिकामेच राहिले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात फादर हजेरी घेताना तिच्या नावापाशी अडखळले आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसले.

तिची आई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. गेल्या उन्हाळ्यापासून दोघी बोलत नव्हत्या. पदवीनंतर मी सिस्टर होऊन मठात जाणार, असं लांबीने घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली होती की मग तू मला मेलीस. हे लांबीने मला एकदाच, हसत हसत सांगितलं होतं. त्यानंतर तिच्या तोंडून घराचा विषय निघाला नाही. तिकडून पत्र नाही, फोन नाही. लांबीला तिच्या काकांनी गावी नेलं. पुरायला.

मी जेवते आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
खार

९ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

जेवते आहेस म्हणून आवर्जून लिहिलंस, म्हणजे जेवत नाहीस. डब्यात चकल्या पाठवते आहे. नेहमीसारख्या उशाखाली दडवू नकोस, मुंग्या होतात. चार दिवस घरी यायचं तर ये, परीक्षाबिरीक्षा होतात मागाहून. तुझे बाबा दिवसातून दहादा विचारतात की पोर एकटी झोपते का त्या खोलीत.

मी इथे शाळेच्या गणवेशांना काजं करत बसते आणि मनात सारखी ती बाईच येते. रागाच्या भरात आपण काय काय बोलतो गं पोरांना! तुला मी काय कमी बोलले आहे? त्या बाईला कोणी हाताला धरून बसवलं का, चहा विचारला का, ते तू लिहिलं नाहीस.

अंगावर उबदार घालत जा.

तुझी,
आई

२० फेब्रुवारी

ति. आईस,
सा. न. वि. वि.

ती बाई आता माझ्याच खोलीत आहे. लांबीचं सामान न्यायला दोन दिवसांसाठी आल्या, पण जायचं नावच काढत नाहीत. सिस्टरनी त्यांना लांबीचाच पलंग दिला. त्या लांबीचा स्वेटर घालतात, बाह्या दुमडून. सकाळी माझ्याबरोबर वर्गात येतात आणि तिच्या खुर्चीवर बसतात. फादर शिकवतात त्यातलं काही कळत नाही, असं मला म्हणाल्या, पण पोरगी काय ऐकत होती ते ऐकायचंय. मुली आधी रडायच्या. आता त्या दिसल्या की दुसऱ्या जिन्याने जातात.

परवा दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी मला विचारलं की शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का गं? हात थांबवला नाही, वर पाहिलं नाही. आई, मला निबंधाचं सांगवेना. मी म्हटलं, हो काकू, बोलली. म्हणाली, “आई, मी रागावले नाही.”

त्यांनी ती घडी मोडली आणि पुन्हा घातली. बस्स, एवढंच.

मी चुकले का?

तुझी,
खार

२५ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

चुकलीस. दुसऱ्याच्या मेलेल्या लेकीच्या तोंडी आपण शब्द घालायचे नसतात. त्या घरी जायच्या आत खरं काय ते सांगून टाक. जवळ बसून, हळू सांग, पण सांग. नाहीतर ती बाई त्याच एका वाक्यावर जन्म काढेल आणि ते निस्तरायला तुझाही जन्म जाईल.

रागाने लिहिलं आहे. पत्र टाकून झाल्यावर वाईट वाटेल, तेही मला ठाऊक आहे.

तुझी,
आई

६ मार्च

ति. आईस,
सा. न. वि. वि.

सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनीच आधी विचारलं. आवाज कसा होता तिचा? डोळे उघडे होते का? माझा हात समजून तुझा हात धरला का? मी हो म्हणत गेले. आता ते सगळं मला इतकं स्पष्ट दिसतं की इस्पितळात खरं काय झालं ते आठवायला जोर लावावा लागतो.

शेवटी वॉर्डन सिस्टरनीच त्यांना बागेत नेऊन सांगितलं की आता घरी जावं, मुलींच्या परीक्षा आहेत. त्यांनी त्याच दिवशी पेटी भरली. स्वेटर मात्र माझ्या खुर्चीवर ठेवून गेल्या. मला वाटलं, सुटले.

आज त्यांचं कार्ड आलं. कबरीवर दगड बसवताहेत. त्यावर ते वाक्य कोरून घेतलंय. सगळे नातेवाईक जमणार आहेत, गावचे फादर दगडाला आशीर्वाद देतील आणि तिने निरोप कसा दिला ते मी चारचौघांत सांगावं, अशी त्यांची इच्छा आहे.

मला घरी ने. नाहीतर सांग मी काय करू.

तुझी,
खार

१० मार्च

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हातातली कात्री तशीच राहिली. बाबा म्हणाले, मी जाऊन पोरीला घेऊन येतो. मी नको म्हटलं.

आता गप्प बस. मागे मी खरं सांग म्हटलं होतं, पण तेव्हा ते तोंडातलं होतं, आता दगडावर आहे. एवढ्या माणसांत त्या बाईला उघडी पाडू नकोस. जा, सांग, आणि परत ये. निळा ड्रेस घाल. रडू आलं तर येऊ दे, तेवढं तरी खरं असेल.

तुझी,
आई

२४ मार्च

ति. आईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आले.

दगड साधाच आहे, करडा. लांबीचं नाव, खाली ते वाक्य. अक्षरांत अजून पांढरी भुकटी होती. गावच्या फादरनी प्रार्थना म्हटली आणि काकूंनी मला पुढे केलं. मी सांगितलं. “आई, मी रागावले नाही,” असं ती म्हणाली, इथपर्यंत आले तर तिच्या धाकट्या काकांनी चटकन माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि मान खाली घातली. थोरल्यांनीही तेच केलं. मला वाटलं, दुःखानेच.

काकू मला बसपर्यंत पोचवायला आल्या. वाटेत म्हणाल्या की एक सांगते, घाबरू नकोस. माझ्या पोरीने मला उभ्या जन्मात आई म्हटलं नाही. घरात दीर वहिनी म्हणायचे, तर तीही बोबड्या बोलांपासून वहिनीच म्हणायची. मारलं तरी वहिनीच.

मी वाटेतच थांबले. काकू म्हणून हाक मारली.

त्या म्हणाल्या की तू पहिल्यांदा सांगितलंस ना, घड्या घालताना, तेव्हाच कळलं होतं. दगडवाल्याकडे गेले तेव्हा वहिनी कोरून घ्यावं असं मनात आलं होतं. पण मग ते माझंच बोलणं झालं असतं. हे निदान दुसऱ्या कोणीतरी म्हटलेलं आहे.

बस आली. मला खिडकीशी बसवून त्या खाली उभ्या राहिल्या आणि काचेवर टकटक करून विचारलं की पुढच्या वर्षी येशील ना सांगायला? मी हो म्हटलं.

आई, तू माझ्यावर रागावली असशील तर तसं लिही. पण लिही.

तुझी,
खार