यांचा विदर्भ

१ मे २०२२, रविवार

भांडलो. सकाळी सकाळी, चहा गॅसवर असताना!

आज पुण्याला दामिनीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. एकुलती एक पोर आपली. आणि तिचे आईबाप इथे नागपुरात बसलेले. सुट्टी म्हणून तिच्या सासूनं आजचा दिवस धरला, तर हे म्हणाले, "एक मेले आपला काळा दिवस राह्यते. मी चौकात नसलो त झेंडा कोण लावीन?"

म्हणजे सगळा महाराष्ट्र आज सण करणार, आणि हे बाहीवर काळी फीत लावून व्हरायटी चौकात उभे राहणार. वेगळ्या विदर्भासाठी. सव्वीस वर्षं झाली. रेल रोकोत पंधरा दिवस जेल झाली, नोकरी गेली, ती परत मागायलाही हे गेले नाहीत. तेव्हापासून घर माझ्या शाळेवर चाललं. चौथीच्या पोरांना गणित शिकवत शिकवत मी रिटायर झाले.

मी बोलले ते बोलायला नको होतं. म्हटलं, तुमचं राज्य होईल तेव्हा त्यात राहायला पोरं कुठे उरलीत? एक होती, ती पुण्याची झाली.

"त्याच्यासाठीच त करून राहिलो ना वं!" असे ओरडले की शेजारच्या मुग्धानं खिडकी लावून घेतली.

मी एकटी जाऊ शकत होते पुण्याला. तिकीटही मिळत होतं. नाही गेले. का नाही गेले, ते मलाच सांगता येत नाही.

दुपारी परत आले. एकोणीस माणसं होती म्हणे. पोलीस बावीस.

१२ सप्टेंबर २०२२, सोमवार

सोमवार म्हणजे चार वाजताचं धरणं. मी आज ताटच वाढलं नाही. स्वतः घेऊन जेवले. चपला घालताना म्हणाले, "येतो वं." मी मोरीतला नळ सोडला. त्यांना कुठे फरक पडतो!

२१ नोव्हेंबर २०२२, सोमवार

आज यांना आनंदराव स्कूटरवर घरी सोडून गेले. आनंदराव म्हणजे यांच्या विदर्भ समितीचे अध्यक्ष, जुने वकील, यांचे तुरुंगातले सोबती. नेहमी दारातूनच परत जातात— माझं तोंड माहीत आहे त्यांना. आज आत आले, पाणी मागितलं.

"वहिनी, मारोतराव लोहापुलाजवळ उभे होते. धरणं संपून दोन घंटे झाले होते. मले म्हणे, मानेवाड्याची बस कुठून भेटते भाऊ?"

आमच्याच मानेवाड्याची बस. आणि भाऊ! आनंदरावांना!

अजून एक सांगितलं. भाषण करता करता हे मधेच थांबले. सिंचनाचा अनुशेष, नोकऱ्यांचे आकडे— चाळीस मिनिटं कागद न बघता बोलणारा माणूस. आज एक आकडा आठवला नाही. मग आकडा कशाचा होता तेच आठवेना. रस्त्यावरची पोरं हसली म्हणे.

मी म्हटलं थकवा असेल.

८ फेब्रुवारी २०२३, बुधवार

स्मृतिभ्रंश. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.

तरुण डॉक्टर, चांगला मुलगा. एकेक प्रश्न विचारत होता. आज वार कोणता? यांनी सांगितला. शंभरातून सात वजा करत जा— दोनदा केलं, मग माझ्याकडे बघायला लागले. शहर? नागपूर. राज्य?

"विदर्भ."

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.

मला काय झालं कळलं नाही. उभीच राहिले. "डॉक्टर, हे उत्तर चूक धरू नका." तो बघतच राहिला. मी म्हटलं, "बाकीचं सगळं चूक धरा. हे नाही. हे त्यांचं पहिल्यापासूनचं उत्तर आहे. शुद्धीवर असतानाचं."

त्यानं फुली खोडली. मी ऑटोत रडले. हे विचारत होते, "काय झालं वं? त्यानं काही वाईट सांगितलं काय तुले?"

२४ एप्रिल २०२३, सोमवार

सोमवार यांच्या अंगात बसलेला आहे. तीन वाजले की चपला शोधतात. अडवलं तर चिडतात, मागच्या सोमवारी दारावर डोकं आपटलं. म्हणून आज मीच घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सतरंजीवर बसले.

काय सांगू! बर्डीच्या बाजारातली गर्दी आपल्या समोरून जाते आणि कोणीही बघत नाही. मोबाईलचे कव्हर विकणारा पोरगा तेवढा म्हणाला, "आज काकू भी आई!" अकरा माणसं. सगळी सत्तरीच्या पुढची. एकाच्या हातात भोंगा, त्याचा आवाज मेट्रो आली की बुडतो.

या अकरा म्हाताऱ्यांसाठी मी सव्वीस वर्षं जळत होते?

मला वाटायचं तिथे चहा-गप्पा चालतात. पाणीसुद्धा घरून आणतात सगळे. हे माझ्या शेजारी ताठ बसले होते. घोषणा आली की ओठ हलायचे. घोषणा आठवत होत्या!

१६ जुलै २०२३, रविवार

गुरुवारी यांच्या फायली काढल्या. रद्दीत देणार होते. सहज एक उघडली, आणि मग लाल पेन घेऊनच बसले. म्हटलं, बघू तरी किती चुका आहेत या माणसाच्या हिशोबात. किती वर्षं याच आकड्यांनी डोकं उठवलं माझं.

किती धरणं मंजूर, किती पूर्ण. किती जागा निघाल्या, आपल्या पोरांना किती मिळाल्या. सगळं सरकारी कागदांवरून, खाली पान क्रमांकासकट. तीन दिवस तपासलं. एका बेरजेत चूक सापडली. एका! आणि ती दुरुस्त केल्यावर आकडा यांच्याच बाजूनं वाढला.

मग मी उगाच आपली गल्ली मोजली. अकरा घरं. नऊ घरांतली पोरं पुण्याला, नाहीतर हैदराबादला. मुग्धाचा विक्की परवाच गेला. दिवाळीत सगळी येतात, चार दिवस गल्ली गजबजते, आणि मग आम्ही म्हातारे एकमेकांच्या घरी उरलेला चिवडा पोहोचवत बसतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त ते नशीब आहे असं वाटायचं. हे म्हणायचे, नशीब नाही, धोरण आहे. मी म्हणायची, हात धुवा, जेवायला बसा.

आज त्यांना सांगितलं, "अहो, तुमचे आकडे बरोबर आहेत."

"कोणते आकडे?"

११ डिसेंबर २०२३, सोमवार

मला अटक झाली! म्हणजे तशी अटक नाही, पोलिसांनी गाडीत भरलं आणि संध्याकाळी सोडून दिलं.

अधिवेशन चालू आहे, म्हणून समितीचा मोर्चा होता. यांना मुग्धाकडे बसवून मी गेले. झेंडा यांचाच नेला. बॅरिकेडपाशी अडवलं. एक पोलीस पोरगी माझा हात धरून म्हणाली, "चढा आजी, हळू चढा," आणि मग एकदम, "शोभा मॅडम ना तुम्ही? मी गार्गी! तुमच्याकडे चौथीत होती मी." तिनंच मला खिडकीची जागा दिली. सात नव्वे विचारायला हवं होतं तिला.

दामिनीचा फोन. व्हिडिओ पाहिला तिनं कुठेतरी. "आई, तू पण? एक बाबा पुरेसे नव्हते का? लहानपणी त्यांना न्यायला पोलीस यायचे आणि तू मला मोरीत लपवायचीस— विसरलीस?"

नाही विसरले. तेव्हा मी जे जे बोलायची, तेच ती आज मला ऐकवत होती. शब्दसुद्धा तेच. म्हटलं, बेटा, मी हिशोब तपासला. तिनं फोन ठेवला.

घरी आले तर हे मुग्धाच्या सोफ्यावर झोपलेले. उठवून सांगितलं, "आज मी मोर्चात गेले होते. तुमच्या जागी."

"बरं," म्हणाले. "भाजी आणली?"

१४ मार्च २०२४, गुरुवार

पुन्हा तो डॉक्टर, पुन्हा तेच प्रश्न. वार नाही सांगता आला. वर्षही नाही. शहर— माझ्याकडे बघून, चाचरत, नागपूर.

राज्य?

"महाराष्ट्र."

इतकं स्पष्ट! शाळेतल्या पोरासारखं. डॉक्टरांनी बरोबरची खूण केली. त्याला मागचं काहीच आठवत नसणार— हसून म्हणाला, "व्हेरी गुड, काका."

एक मार्क मिळाला.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदान. इतकी वर्षं मी मुद्दाम यांच्या विरुद्ध मत द्यायची. यांचा माणूस डिपॉझिट घालवायचा आणि मी संध्याकाळी भजी करायची. खरंच करायची!

आज मी त्याच माणसाला मत दिलं. पुन्हा पडणार आहे.

बाहेर येऊन यांना विचारलं, "कोणाले दिलं जी?" बोटाची शाई निरखत होते.

"ज्याचं चित्र चांगलं होतं त्याले."

१ मे २०२५, गुरुवार

लिहू की नको असं झालं होतं दिवसभर.

सकाळी बाजूच्या शाळेत झेंडावंदन. बँड वाजला. हे खुर्चीतून उठले, गॅलरीत गेले आणि ताठ उभं राहून सलाम केला. माझ्या डोळ्यांसमोर! या दिवशी सव्वीस वर्षं ज्या माणसानं घरात गोड होऊ दिलं नाही, तो बँडवर बोटं वाजवत होता. चेहरा किती आनंदी. इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता.

मी चौकात जायला निघाले होते. बाहीवर काळी फीत. त्यांनी वळून पाहिलं. फितीकडे पाहिलं. मग अगदी हळू, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले,

"बाई, आज सणाच्या दिवशी काळी फीत काहून लावली? तुमच्या घरी कोणी गेलं काय?"

"हो," म्हटलं.

"अरे अरे. बसा इथं. चहा घ्या."

बसले. चौकात नाही गेले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला होता, तो बँड थांबेपर्यंत तसाच होता.

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

गेले. न्युमोनिया झाला होता. सकाळी नऊ चाळीस.

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज लिहिता येतंय.

अंबाझरी घाटावर आनंदराव विदर्भाचा झेंडा घेऊन आले होते. अंगावर घालायचा म्हणून. मला वाटलं दामिनी आता आनंदरावांवर ओरडेल. तिनं झेंडा घेतला, उलगडला, घडीच्या सुरकुत्या हातानं साफ केल्या. म्हणाली, "काका, बाबाले उलटा नका घालू. वरची बाजू कोणती, मले माहीत हाय." पुण्याला गेल्यापासून सात वर्षांत तिच्या तोंडून मले-तुले ऐकलं नव्हतं.

तिघे-चौघे म्हातारे घोषणा द्यायला लागले. आवाज निघेना कोणाचा. मी दिली. मोठ्यानं दिली. सगळे वळून बघायला लागले. बघू देत. निदान शेवटच्या दिवशी त्यांच्या बाजूनं होते मी. एवढं तरी त्यांना दिलं.

दामिनी म्हणते पुण्याला चल. मी सांगितलं, सोमवार कोण करणार?

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

दुपारी आनंदराव आले. एक पाकीट होतं. "तेरवी होऊ द्यावं म्हटलं, वहिनी. हे तुमच्याजवळच पाहिजे."

यांचं अक्षर. ऑगस्ट २०२२ ची तारीख. समितीच्या अध्यक्षांस—

"वेगळा विदर्भ माझ्या हयातीत होणार नाही, हे मी आता मान्य करतो. झाला तरी शोभाची गेलेली वर्षं तो परत देणार नाही. मागणी खरी आहे, पण तिच्यासाठी मी दुसऱ्याचं आयुष्य खर्च केलं. शोभाचं म्हणणं बरोबर होतं. माझा राजीनामा घ्यावा. यापुढे सोमवारी मी घरी राहणार आहे."

"आणि पुढच्या सोमवारी सगळ्यात आधी हेच हजर!" आनंदराव म्हणाले. "सतरंजी अंथरून बसलेले. मले वाटलं विचार बदलला. आनंद झाला, म्हणून विचारलंच नाई. आता वाटते वहिनी, राजीनामा देलेलाच ते विसरले होते."

चार वाजून गेलेत. मी घरी आहे.