मामाची बिनरंगी साडी

१२ जानेवारी २०२५, रविवार. बारामती.
नैसर्गिक धागा मंडळाचा पहिला मेळावा दणक्यात झाला. एकवीस माणसं. त्यातली तेरा त्याच हॉलमधल्या पुढच्या भिशीसाठी लवकर आली होती, पण बसली तर होती. रेशमासाठी किडे कसे उकळतात ते चित्रासह सांगितलं. शेवटी जाहीर प्रतिज्ञा केली : कृत्रिम धागा घालणार नाही, घेणार नाही, कुणाला देणार नाही. ज्ञानेशने व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. (ज्ञानेश हा मंडळाचा कार्यकर्ता. एकुलता एक.) आता माघार नाही. घ्यायची आहे कुणाला!

१३ जानेवारी, सकाळी ७.
चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये कृत्रिम धागा असतो. हे काल माहीत नव्हतं.
७.४० : अनिताकडे नाडी मागितली. तिने परकराची काढून दिली, कारण विचारलं नाही. बायकोचा मूक पाठिंबा मोठा असतो.

२ फेब्रुवारी.
दुसरा मेळावा निरवांगीत, धाकट्या बहिणीच्या, सारजाच्या अंगणात. विषय : कापडाच्या रंगांनी नद्या कशा नासतात. बायकांनी हातमागाचं कापड हातात घेऊन पाहिलं. शकुबाई नावाची म्हातारी म्हणाली, “पावणं, कापड झ्याक हाय. पर भिजलं की म्हशीवानी जड व्हतंय. ह्ये नेसून उसाला पाणी द्यायला आमी जायाचं, का तुमी येताय?” बायका बराच वेळ हसल्या. सभेत वातावरण मोकळं हवंच. उत्तर पुढच्या मेळाव्यात देईन म्हणालो.
निघताना दाजींनी आनंदाची बातमी दिली. भाची प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा राजवर्धन, कन्हेरीचा. तारीख २० एप्रिल.

५ फेब्रुवारी.
सारजाचा फोन. विहीणबाईंची मानाची साडी मामाने द्यायची, भर मांडवात, माइकवर पुकारून. म्हणाली, “दादा, चमकणारी आण. त्यांच्यातल्या बायका साडीवरनं पोरीचं आजोळ जोखत्यात. हलकी निघाली तर प्राचीला जन्मभर ऐकावं लागंल.” मी प्रतिज्ञेची आठवण करून दिली. ती म्हणाली, “प्रतिज्ञा तू केलीस. नांदायला माझी पोरगी जाणार हाय.” मी वीस मिनिटं नीट समजावलं. मग फोन कट झाला. रेंज नसावी. एकूण पटलेलं दिसतं.

६ फेब्रुवारी.
अनिता म्हणाली, मग रेशमाची घ्या, तेही नैसर्गिकच. तिला किड्यांचं चित्र दाखवलं. मग सुती, गडद रंगाची घ्या म्हणाली. तिला नद्यांचं सांगितलं. मग ती कुकर लावायला गेली. मुद्दा मुद्द्याने खोडला की घरातही शांतता राहते.

३ मार्च.
तोडगा निघाला. सोलापूरकडच्या एका विणकराला फोन केला. हातमागाची सुती साडी, रंग न दिलेली. त्याने विचारलं, कशासाठी हवी. लग्नात विहिणीला द्यायला, म्हणालो. मग त्याने पुन्हा विचारलं, रंग कुठला? कुठलाच नको. काठ तरी? नको. असं तीनदा विचारलं. मन लावून काम करणारी माणसं अजून आहेत.

९ मार्च.
तिसरा मेळावा. मी आणि ज्ञानेश. भाषण सुरू असताना त्याच्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो गेला. ठराव एकमताने मंजूर.

२ एप्रिल.
साडी आली. दुधासारखी. अनिताला आत्ताच दाखवायची नाही, सरप्राइज. ती हल्ली सारजाशी फोनवर फार बोलते. मी स्वयंपाकघरात गेलो की थांबते. माझंच कौतुक चाललेलं असणार.

१९ एप्रिल, दुपारी ४.
उद्या लग्न. अनिताला साडी दाखवली. तिने साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, “अहो, विहीणबाईंचे मालक हयात आहेत ना?” म्हणालो, हे काय विचारणं. साखरपुड्यात माझ्या शेजारीच जेवले की.
४.१० : लक्षात आलं.
४.३० : उपाय आहे. हळद. नैसर्गिक, शिवाय शुभ. बादलीत पाणी उकळतं केलं.
५.४५ : रंग सगळीकडे सारखा बसलेला नाही. मधे मधे कावीळ झाल्यासारखा दिसतो.
६.३० : वाळत नाही. ठरवलं, उद्या माइक हातात घेऊन साडीमागचा विचार सांगायचा. पाच मिनिटं. विचार समजला की रंग कुणी बघत नाही.

२० एप्रिल.
ओलसर साडी पिशवीत, भाषण खिशात. अक्षता पडल्या. माइकवर पुकारा झाला, मुलीचे मामा मोहनराव यांच्याकडून विहीणबाईंना मानाची साडी. मी पिशवीत हात घातला, तेवढ्यात अनिताने दुसराच बॉक्स हातात दिला. गर्द हिरवी साडी, नखभरसुद्धा नैसर्गिक नाही, जरीचे काठ इतके झगझगीत की डोळे मिटावेत. समोर सारजा उभी होती. ती साडीकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. प्राचीही. माइक हाताच्या अंतरावर होता.
मी साडी दिली. विहीणबाईंनी पदर उलगडून बायकांना दाखवला. बायका पुढे सरकल्या. दाजींनी पाठीवर हात ठेवला. ज्ञानेश व्हिडिओ काढत होता.
परतताना कळलं, अनिता आणि सारजाने ती साडी फेब्रुवारीतच घेऊन ठेवली होती.

२१ एप्रिल.
व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर. खाली चर्चा चालू आहे. वाचली नाही. चौथा मेळावा तांत्रिक कारणाने पुढे ढकलला.

२३ एप्रिल, सकाळी १०.
कन्हेरीहून प्राचीचा फोन. म्हणाली, “मामा, सासूबाई साडी घेऊन सगळ्या आळीत फिरून आल्या. आमच्या प्राचीच्या मामांनी दिली म्हणत्यात. घरात मला कुणी काय बोलत न्हाई. तुमी तुमची प्रतिज्ञा माझ्यासाठी मोडलीत ना?”
मी हो म्हणालो.
अनिता समोरच शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.