एका बॅचलर पार्टीचे खंडन

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

ज्याने माणसाला दोन कान दिले, त्यांना झाकण दिले नाही आणि तरीही ऐकून घेण्याचे धैर्य दिले, त्या कृपाळूला वंदन करून ही नवी वही आरंभितो. आता विषय.

नातवाचे लग्न पंचवीस तारखेला आहे. विवाह नोंदणी कार्यालयात सह्या होतील आणि सह्यांनंतर मी आशीर्वचन करीन. होणारी नातसून स्वतः घरी येऊन म्हणाली, "आजोबा, मला बाकी काही नको. तुम्ही चार वाक्यं बोला, म्हणजे लग्न झाल्यासारखं वाटेल." मुलगी विवेकी आहे. आशीर्वचनाचा आराखडा त्याच रात्री मनात तयार झाला. चार वाक्यांत मावणार नाही, हे तिला यथावकाश कळेल.

मात्र आज चहाच्या वेळी नातू सहज म्हणाला की त्याचे मित्र त्याला 'बॅचलर पार्टी' देणार आहेत. ते काय असते, असे विचारले. तो म्हणाला, "काही नाही हो आजोबा, त्या पिक्चरसारखं." चौकशीअंती कळले की 'शेवटची मोकळी संध्याकाळ' या नावाची चित्रपटमालिका आहे. प्रत्येक भागात काही टवाळ मित्र लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला बाहेर नेतात आणि त्याची दुर्दशा करून ठेवतात. तरुण पिढी यालाच आदर्श मानते.

मी जागच्या जागी प्रतिज्ञा केली: बॅचलर पार्टी झाली, तर मी लग्नाला पाऊल ठेवणार नाही. सगळे गंभीर झाले. सौ. म्हणाली, "बरं. मग तुमचं जेवण झाकून ठेवते त्या दिवशी." तिला प्रसंगाचे गांभीर्य उशिरा कळते.

संकल्प: या चित्रपटांचे माझ्या गुरुवारच्या प्रवचनात साधार खंडन करणे.

४ फेब्रुवारी, बुधवार.

खंडनाची शास्त्रीय शिस्त अशी की विरोधकाचे म्हणणे आधी त्याच्यापेक्षाही नीट मांडावे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग ते मोडून काढावे, तो उत्तरपक्ष. सबब पहिला भाग पाहणे भाग पडले. नातवाने लावून दिला. रिमोट माझ्या हाती ठेवला, हे योग्यच.

चित्रपट अत्यंत हीन आहे. मित्र तिघे. एक विमा विकतो, दुसरा पाण्याला भिणारा पोहण्याचा शिक्षक, तिसरा निव्वळ मूर्ख. त्याला सगळे 'गोणी' म्हणतात. हे नवरदेवाला मासे वाहणाऱ्या थंड मालमोटारीत विसरतात. गोणी मोटारीमागे सायकलवरून धावतो आणि सायकलला साखळीच नसते. यात हसण्यासारखे काय आहे?

सौ. म्हणते मी हसलो. मला खोकला होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार. प्रवचनानंतर.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत नेहमीचे श्रोते होते. होमिओपॅथ, जे प्रत्येक वाक्याला मान हलवतात आणि मध्येच झोपतात. प्लास्टरमास्तर, ज्यांची उभी हयात हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालण्यात गेली आणि जे आजही दुसऱ्याच्या हातापायांकडे हिशेबी नजरेने पाहतात. शिवाय दोघे पंख्यासाठी येणारे.

पूर्वपक्ष मांडायला घेतला. मालमोटारीपर्यंत आलो आणि वेळ संपली. पहारेकऱ्याने दिवे घालवले तरी कोणी उठले नाही. होमिओपॅथ जागे होते. अंधारातून म्हणाले, "पण तो बर्फातनं निघाला का नाही, तेवढं सांगा की." पुढच्या गुरुवारी, असे मी सांगितले. उत्तरपक्षाची भूक कशी जागवावी, हे मला उपजत कळते.

८ फेब्रुवारी, रविवार.

दुसरा आणि तिसरा भाग पाहिला. एक संदर्भ पडताळण्यासाठी पहिला पुन्हा पाहावा लागला. दुसऱ्यात नवरदेवाला गमतीने पायापासून कमरेपर्यंत प्लास्टर घालतात. तिसऱ्यात तो जहाजावर आचारी म्हणून रवाना होतो. लेखकाजवळ एकच कल्पना आहे आणि ती तो पुनःपुन्हा कढवतो. शिवाय तिसऱ्यात गोणीला वाव फार कमी दिला आहे. ही दिग्दर्शकाची अक्षम्य चूक.

(हे शेवटचे वाक्य प्रवचनात घेऊ नये.)

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

खोली भरली. खालून खुर्च्या आणाव्या लागल्या. ज्यांनी आयुष्यात धर्मग्रंथाचे पान उलटले नाही, असे लोक दाराशी उभे होते. याला सत्संगाचा प्रभाव म्हणतात. जहाजाच्या प्रसंगी प्लास्टरमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. हसून, असे ते म्हणतात. मला ती विरक्ती वाटली.

उत्तरपक्ष राहिला. वेळ फार तोकडी देतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

विजय. नातवाने पार्टी रद्द केली. माझ्याजवळ बसून म्हणाला, "आजोबा, पार्टी काय, केव्हाही होईल. तुम्ही नसलात तर त्या कार्यालयात मला करमायचं नाही. तेव्हा विषय संपला. याल ना?" मी संयमाने होकार दिला. माझ्या प्रवचनांचा परिणाम. तो एकाही प्रवचनाला आला नाही, हे खरे. विचार भिंतीतूनही झिरपतात.

त्याच्या मित्रांनी तळ्याकाठच्या बंगल्याचे आरक्षण केले होते, तेही रद्द झाले. बंगल्याला गच्ची होती का, एवढेच मी विचारले. कुतूहल नव्हते. पूर्वपक्ष परिपूर्ण असावा लागतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

पार्टी रद्द झाल्याची शुभवार्ता सभेला दिली. टाळ्यांची अपेक्षा होती. होमिओपॅथ म्हणाले, "म्हणजे आम्ही एवढं ऐकलं ते काय नुसतं ऐकायला?" प्लास्टरमास्तर म्हणाले, "महाराज, पोहायला शिकवलंत आणि विहीर बुजवलीत."

उत्तरपक्ष सुरू केला. निम्मी खोली रिकामी झाली. उरलेले होमिओपॅथभोवती गोळा झाले.

त्यांची सूचना विचारांती मान्य केली. रविवारी दुपारी त्यांच्या दवाखान्यात एक सभा भरेल आणि चित्रपटातले प्रसंग प्रत्यक्षात किती असंभवनीय आहेत, हे सप्रयोग सिद्ध केले जाईल. संध्याकाळी नको, कारण बहुतेकांच्या गोळ्यांची वेळ असते. ही पार्टी नव्हे. हिला परीक्षणसभा असे नाव मी दिले. घरी तूर्त सांगण्याचे प्रयोजन नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळ. पलंगावरून.

लिहिताना वही पोटावर ठेवावी लागते. अक्षर त्यामुळे चढावर गेले आहे.

सभा उत्तम झाली. फुगे होते. खोलीत हवा खेळती राहावी म्हणून, असे होमिओपॅथ म्हणाले. फुग्यांचा हवेशी असलेला संबंध उघडच असल्याने मी वाद घातला नाही. सरबत होते. त्यात होमिओपॅथांनी आपल्या कोणत्या तरी बाटलीतले थेंब टाकले होते आणि ते पचनाचे होते. पचन फार लवकर सुरू झाले. पंख्यासाठी येणारे दोघे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गात होते. खंडनाला नवरदेवाची जागा रिकामी ठेवून चालत नाही, तेव्हा त्या खुर्चीवर मी बसलो. कागदी टोपी कोणी घातली, ते पाहिले नाही.

दुसऱ्या भागातला प्लास्टरचा प्रसंग चर्चेला आला. मी सिद्धान्त मांडला की एवढ्या अल्प वेळात माणसाला कमरेपर्यंत प्लास्टर घालणे अशक्य आहे, म्हणून संपूर्ण चित्रपट अप्रमाण. प्लास्टरमास्तर उठले. "माझ्या धंद्याला अशक्य म्हणू नका," असे म्हणाले. मी म्हणालो, प्रत्यक्ष हेच प्रमाण. माझ्या मते हे वाक्य वादात बसत होते. त्यांनी ते आमंत्रण समजून पिशवीतून पट्ट्या काढल्या. पिशवी त्यांनी आधीपासून का आणली होती, हे विचारायचे राहिले.

डाव्या पायाच्या अंगठ्यापासून निघाले ते कमरेलाच थांबले. होमिओपॅथ मोबाइलवर चित्रण करीत होते. अभ्यासासाठी, असे म्हणाले.

प्लास्टर वाळल्यावर मी म्हणालो की प्रयोग सिद्ध झाला, आता काढा. मास्तर म्हणाले, "मी घालणारा. कापणारा वेगळा असायचा. तो वारला."

टेम्पोतून घरी आलो. पाय मागून बाहेर होता. चौकात एका मुलाने हात हलवला. मी दुर्लक्ष केले.

२३ फेब्रुवारी, सोमवार.

घरच्यांना सांगितले की दवाखान्याच्या पायरीवर हाडाचा प्रसंग झाला. मोडले असे मी म्हणालो नाही. त्यांनी तसे समजायचे ठरवले असेल, तर तो त्यांचा अधिकार. सौ.ने प्लास्टरवर बोटांनी टकटक केले आणि म्हणाली, "छान बसलंय. टोपी काढू का आता?"

परिस्थितीचा तर्कशुद्ध विचार केला. प्लास्टर कापले तर आतला पाय धडधाकट निघेल. मग ते का घातले, असे विचारतील. मग सभा निघेल. अज्ञ लोक सभेला पार्टी म्हणतील. पार्टी झाली असे ठरले, तर प्रतिज्ञेनुसार मला लग्नाला जाता येणार नाही. तेव्हा लग्नाला जाता यावे म्हणून प्लास्टर ठेवणे अनिवार्य आहे.

नातू जवळ येऊन बसला. म्हणाला, "माझा एक मित्र आहे, दवाखान्यात मशीनवर असतो. घरी येऊन पाच मिनिटांत कापून देईल. आजोबा, नुसतं हो म्हणा." त्याचे ओठ थरथरत होते. माझ्या वेदनेने, हे उघड आहे. मी सांगितले की अस्थी सांधण्याचे काम निसर्गाचे आहे, त्यात यंत्राची लुडबुड नको.

आशीर्वचनाला अंतिम रूप दिले. झोपून म्हणून पाहिले. आवाज छताला लागून परत येतो, तरी परिणामकारक आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ.

नवा सदरा घातला. गाडीत बसण्याचा प्रयत्न केला. पाय वाकत नाही. मागच्या सीटवर आडवे घातले तर दार लागेना. पाय खिडकीतून काढला तर शेजारच्या गाडीवाल्यांनी तक्रार केली. पुढची सीट पूर्ण पाडून पाहिली, तेव्हा मी आत आणि सूनबाई बाहेर. शिवाय नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असल्याचे कळले.

एवढ्यात नातसुनेचा फोन. म्हणाली, "आजोबा, तो मशीनवाला तुमच्या फाटकाशीच उभा आहे. आम्ही काही विचारणार नाही. कापून घ्या आणि या. मी तुमच्यासाठी थांबून राहते."

फाटकाकडे पाहिले. एक मनुष्य पेटी घेऊन उभा होता. एक शब्द पुरला असता. तो जिभेवरही आला होता.

मी म्हणालो, "मुली, हाड अजून कच्चं आहे." ती म्हणाली, "बरं, आजोबा." फोन ठेवला.

सगळे गेले. सौ.ने जाताना पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. ती बोलली असती, तर मी उत्तर दिले असते.

तत्त्वासाठी वैयक्तिक सुखाचा त्याग करणारे आज किती उरले आहेत? घर फारच शांत आहे. मनाला विषय असावा म्हणून चौथा भाग लावतो. तो अजून पाहिलेला नाही, आणि उत्तरपक्ष त्याशिवाय अपुरा राहील.

२५ फेब्रुवारी. सायंकाळ.

सौ.ने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो.

सह्या झाल्यावर दोघे जेवायला न जाता सरळ इकडे आले. माझे आशीर्वचन ऐकायचे म्हणून. बाहेरगावच्या त्यांच्या गाडीची वेळ जवळ आली होती, तरी आले. मी पलंगावर उताणा झोपलो होतो, तोंड उघडे होते, आणि समोर पडद्यावर गोणी कुठल्याशा छतावरून लोंबकळत होता. सौ. म्हणाली, "उठवते." नातसून म्हणाली, "नको हो आजी. बघा ना, झोपेत हसतायत." दोघे बराच वेळ पलंगाशी उभे राहिले. मग नातू म्हणाला, "चल. झोपेतला आशीर्वाद मिळाला असं समजू." आणि गेले.

तिने आणखीही सांगितले. होमिओपॅथांनी ते चित्रण रविवारीच नातवाला पाठवले होते. नातवाने घरच्यांना दाखवले, नातसुनेने तिच्या घरच्यांना. कागदी टोपीसकट. मी सोमवारी हाडाविषयी बोलत होतो, तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलेले होते. मी विचारले, मग कोणी बोलले का नाही. सौ. म्हणाली, "पोरगा म्हणाला, आजोबांना स्वतः सांगू दे. सांगितलं की उचलून नेऊ, खांद्यावर नेऊ. तुम्ही सांगितलंच नाही."

वहीतला उत्तरपक्षाचा मथळा मी खोडला.

मशीनवाल्याला उद्या बोलावले आहे. आशीर्वचन तयार होते, ते म्हणायला कोणी समोर नाही. त्यातली प्रमाणे, दृष्टान्त आणि पूर्वपक्ष गाळला, तर चारच वाक्ये उरतात. ती इथे लिहितो. ज्याच्या नजरेस पडतील, त्याची.

तुमच्या घरात कोणाला खोटे बोलावे लागू नये. बोललेच कोणी, तर ते ओळखून गप्प राहणारी माणसे तुम्हाला मिळोत. तुमच्यासाठी कोणी दाराशी थांबले असेल, तेव्हा तुम्हाला वेळेवर हो म्हणता येवो. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सुखाची झोप लाभो, पण पाहुणे येऊन गेल्यानंतर.