एका रिंगचा फोन

लातूर, सोमवार, संध्याकाळ

फायबर बसलं एकदाचं. पण जीव काही थाऱ्यावर नाही.

श्वेता सकाळीच म्हणाली होती, "आई, नुसतं इंटरनेटचं पॅकेज घे, स्पीड लई मिळते. घरचा फोन आता कोण वापरतंय?" लेकीचं खरंच आहे. तरी मी फोनवालंच घेतलं, जुन्या नंबरासकट. का, ते तिला सांगता आलं नाही.

हे निलंग्याला नोकरीला होते. रोज एसटीनं जायचे आणि पोचले की ऑफिसातून एक रिंग देऊन ठेवून द्यायचे. मी उचलायचा नाही, असं ठरलेलं. एक रिंग म्हणजे पोचलो. एसटी उलटली त्या दिवशी मी कितीतरी वेळ फोनपाशी बसून होते. रिंग आलीच नाही.

आज वायर जोडून झाल्यावर फायबर बसवायला आलेला माणूस जिन्यातून म्हणाला, "काकू, टेस्टिंग करून राहिलो, उचलू नका." उचलू नका. हेच शब्द कसे आले त्याच्या तोंडी?

फोन एकदाच वाजला आणि थांबला.

"कोण होतं गं?" श्वेतानं आतून विचारलं. मी कणीक मळत होते. तोंडातून सहज निघून गेलं, "पोचले तुझे बाबा."

ती दारात आली. मी खाली मान घालून मळत राहिले. त्या एका रिंगनं इतकं हायसं वाटलं, की आता त्याचीच भीती वाटून राहिली.