माशीच्या लॉगमधलं शेत

१७ नोव्हें., रवि.
माशी, आमचा ड्रोन, परत आली. दादाने बुधवारी नेलेली, मित्राच्या मुलाच्या हळदीचं शूटिंग करायचंय म्हणून. "मागची उजवी मोटर आवाज करतेय. व्हिडिओपण थरथरतो. बघ ना जरा." एवढं बोलून निघाला. चहा नको म्हणाला. बाळकुमहून डोंबिवलीला येऊन चहा न घेता गेलाय असं पहिल्यांदाच. वहिनीशी काही झालं असेल.

आम्ही दोघं मैदानावर गेलो नाही मग. रविवार फुकट.

१८ नोव्हें., सोम.
आयटीआयमधून आल्यावर गॅलरीत उघडून बसले. आधी प्रॉप, म्हणजे पंखे, काढले, मग बाकीचं. पोटाखाली दुसऱ्याच कॅमेऱ्याची क्लिप अडकवलेली, नुसती क्लिपच बारा ग्रॅमची. अख्खा ड्रोन २४८ ग्रॅममध्ये बसवायला मी महिना घालवलेला, अडीचशेच्या आत परवाना लागत नाही म्हणून. दादाला माहितीय. उजव्या मोटरमध्ये तांबडी माती, मैद्यासारखी बारीक. बेअरिंग गेलंय.

हळद मांडवात होती ना?

१९ नोव्हें., मंगळ.
बेअरिंग बदललं. मोटर हातात धरून फिरवली, गुळगुळीत. तरी ड्रोन हवेत थांबवला की थरथर आहेच. ट्यूनिंगमधला डी, हेलकावे आवरणारा आकडा, दोन पॉइंट खाली आणला तर थोडी कमी, पण मग वळताना झोकांडी खातो. परत वर केला तर मोटर तापते. अंदाजाने नाही जमणार, लॉग बघावा लागेल, उड्डाणांची नोंद. कार्ड काढून ठेवलंय.

सुधीर विचारत होता, "दोन वर्षं झाली, अजून ट्यून होतोच आहे?" नवऱ्याला काय सांगायचं. आई गेल्यावर किट दादानेच आणलेलं. म्हणाला, "दोघं मिळून कायतरी करूया गं, नायतर नुसते वर्षश्राद्धाला भेटू." तो उडवतो, मी ठीक करते. माशी हे नाव बाबांनी ठेवलं, भुणभुणते म्हणून.

२० नोव्हें., बुध.
लॉग बघितला, मग त्या बाजूची फ्रेम तपासली. थरथरीचं कारण सापडलं, फ्रेमच्या मागच्या उजव्या हाताला केसाएवढी चीर. कुठेतरी जोरात उतरवलाय.

पण ते जाऊ दे.

कार्डावर मागच्या बुधवारची सहा उड्डाणं आहेत. सकाळी साडेनऊ ते अकरा. हळद सकाळी? जीपीएसचे आकडे फोनच्या नकाशात टाकले. टिटवाळा. स्टेशनपासून लांब, नदीच्या अंगाला. दोनदा टाकून बघितले.

आईचं शेत.

उड्डाणाची रेघ काढून बघितली. या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ, वळून परत सरळ. नांगर फिरवल्यासारखी. विहिरीवर एक गोल चक्कर. दादाचा हात किती सरळ आहे, हेच आधी मनात आलं.

२१ नोव्हें., गुरु.
सुधीरला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "एकदा सातबारा बघ." मी भडकले. माझ्या भावाबद्दल असं बोलायचं नाही म्हटलं. जेवण तसंच राहिलं.

आजोबांनी ते शेत एकुलत्या मुलीला दिलेलं. आई गेल्यावर वारस नोंदीसाठी दादा माझ्या आधारची झेरॉक्स घेऊन गेला. नंतर मीच विचारलेलं, झालं का? "झालं गं. तिघांची नावं लागली. तू कशाला टेन्शन घेतेस?"

२२ नोव्हें., शुक्र.
ऑनलाइन बघितला. दोन नावं. बाबा आणि दादा.

मला वाटलं पान अर्धंच उघडलंय. खाली सरकवून बघितलं.

२४ नोव्हें., रवि.
दादा आला. खाडीकडच्या मैदानावर गेलो, जणू काही झालंच नाही. मी नवी फ्रेम घातलेली. त्याने उडवला. "अरे वा! लोण्यासारखा चाललाय." खूश. तो उतरवेपर्यंत थांबले.

"दादा, टिटवाळ्याला गेलेलास?"

रिमोट हातातच. "कोण बोललं?"

"माशी."

मग एकेक बाहेर आलं. बिल्डर आहे एक. त्याला वरून शूटिंग हवं होतं. "पडीकच आहे ना शेत? तू गेल्या दोन वर्षांत किती वेळा गेलीस, सांग." गेले नाही, खरंय. मग माझं नाव? "राहिलं असेल लिहायचं. मुलगी नाही असं कुठे लिहिलंय का मी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला त्याच बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट देणार होतो. सरप्राईज."

सरप्राईज.

मी म्हटलं, "मग माझ्याकडून माशी नीट करून कशाला घेतलीस?" त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "तुझ्याशिवाय कोण करणार?"

ऑक्टोबरभर म्हणत होता, कॅमेरा स्थिर कर, एकदम स्थिर. मी रोज संध्याकाळी बसून…

२६ नोव्हें., मंगळ.
बाळकुमला गेले. बाबा खाली बाकावर एकटेच. खाडीकडे बघत होते, म्हणजे आता मध्ये उभ्या राहिलेल्या टॉवरकडेच. विचारलं त्यांना. "मना काय म्हायत नाय, बाय. तुझा दादा अन्या बघतंय सगला." मग म्हणाले, "भांडू नका. तुमची आय बघते वरशी."

वहिनी चहा घेऊन आली, नजर देईना. हिलाही माहिती होतं.

१ डिसें., रवि.
कोणी आलं नाही. मैदानावर एकटीच गेले. मोकळ्यावर स्वतः उडवला, पहिल्यांदा. एरवी तपासायला घरातल्या घरात हातभर उंच, तेवढाच. दादाच्या हाताला जमेल असा ट्यून केलेला आहे. रिमोटची काडी जरा हलवली की उधळतो. चार मिनिटांत बाभळीत. दोन प्रॉप गेले.

घरी येऊन माझ्यासाठी वेगळी सेटिंग केली, हळू, मऊ. 'दादा' नावाची सेटिंग पुसून टाकायला गेले. विचारतं, खात्री आहे का? नाही पुसली.

५ डिसें., गुरु.
फेरफाराची नक्कल मिळाली, सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र. "सदर वारसांखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाही." खाली दादाची सही. अ ला मोठा फाटा देतो तो, शाळेपासून.

म्हणजे राहिलं नव्हतं लिहायचं.

बसस्टॉपवर उभ्या उभ्या वाचलं. दोन बस सोडल्या.

९ डिसें., सोम.
कल्याणला प्रांत ऑफिसात अपील दिलं. वकीलबाई म्हणाल्या, जाबदेणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अपील, म्हणून दोघंही घालावे लागतील, बाबांचं नाव सातबाऱ्यावर आहे ना. मी म्हटलं, बाबांना नको. त्या म्हणाल्या, तसं होत नाही, ताई. जाबदेणार क्र. १ दादा. क्र. २ बाबा. बाबांचं पूर्ण नाव मीच सांगितलं, स्पेलिंग चुकू नये म्हणून.

सुधीर सोबत होता. मी सांगितलं होतं तुला, असं एकदाही बोलला नाही.

१५ डिसें., रवि.
दादाचा मेसेज. वाटलं नोटीस मिळाली. पण नाही: "माशी दोन दिवस दे ना. बिल्डरला सूर्यास्ताचं शूटिंग पाहिजे. मग बसून बोलू आपण." शेवटी हसरा चेहरा.

उत्तर दिलं नाही. मैदानावर गेले. अकरा मिनिटं उडवला, एकदाही पडला नाही. वारा होता तरी. लॉगमध्ये रेघ शांत. आणि हे दाखवायला फोन काढून दादाचंच नाव शोधत होते. सवय. फोन खिशात टाकला.

२२ डिसें., रवि.
नाही गेले. बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर आणून डब्यात ठेवल्या. पूर्ण भरून ठेवल्या तर फुगतात.

२ जाने., गुरु.
संध्याकाळी बाबांचा फोन. ते स्वतःहून कधी करत नाहीत.

"बाय, एक कागूद आलाय माझ्या नावाचा. शिक्का हाय वर."

मी फोन घेऊन गॅलरीत आले.

"अन्याला बी आलाय. त्यानं वाचला न् ताटावरशी उठून गेला. सूनबाईला इचारलं तर रडते. मना कोन वाचून दाखवील? तू येतेस काय?"

"बाबा…"

"काय वाईट हाय काय त्यात?"

उद्या येते म्हटलं. म्हणाले, "ये. मासलीबाजारातनं वाकट्या आनून ठेवतो. तुला आवडतात." फोन ठेवला.

सुधीर विचारतोय, काय वाचून दाखवणार आहेस त्यांना?